मातृभाषेचे तत्त्व मराठीपाशी थांबत नाही



१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा निर्णय काढला. १७ जून रोजी तोच निर्णय काहीशा सौम्य शब्दांत पुन्हा निघाला आणि लोकमताच्या रेट्यापुढे २९ जून रोजी दोन्ही निर्णय शासनाला मागे घ्यावे लागले. त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्रात भाषा आणि शिक्षण यांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी कित्येक वर्षांत झाली नसेल. सहा वर्षांच्या मुलावर अनोळखी भाषेचा भार टाकू नये, मूल आधी स्वतःच्या भाषेत विचार करायला शिकते, पहिल्या भाषेचा पाया पक्का झाल्यावर दुसरी भाषा सुलभ होते, भाषेचा निर्णय मुलाच्या हितावरून व्हावा आणि सत्तेच्या सोयीवरून होऊ नये, असे मुद्दे व्यासपीठाव्यासपीठावरून मांडले गेले. हे सारे मुद्दे बरोबर होते. शिक्षणशास्त्राचा त्यांना आधार होता.

परंतु शास्त्राचा आधार घेणाऱ्यावर एक बंधन येते. शास्त्राचे तत्त्व आपल्या सोयीच्या ठिकाणी थांबवता येत नाही. मेळघाटातील धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातले कोरकू मूल पहिलीत येते, तेव्हा त्याच्यापुढे उघडणारे मराठीचे पुस्तक हे त्याला अनोळखी भाषेचेच पुस्तक असते. धडगावच्या पावरा मुलाची, भामरागडच्या माडिया मुलाची, यवतमाळच्या कोलाम मुलाची स्थिती फारशी वेगळी नाही. हिंदीसक्तीविरुद्ध उच्चारलेला प्रत्येक शब्द ही मुले मराठीविरुद्ध उच्चारू शकतात. ती उच्चारत नाहीत, कारण त्यांना व्यासपीठ नाही. बहुभाषिक शिक्षणाच्या सिद्धान्तांचा विचार पुरोगामी चळवळीने करायचा तो या मुलांना समोर ठेवून केला पाहिजे.

हे सिद्धान्त कसे घडले ते आधी पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण समज असा होता की, दोन भाषा बोलणारे मूल गोंधळते आणि बुद्धीने मागे पडते. या समजाला मोठा धक्का दिला तो १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरातल्या दहा वर्षांच्या मुलांची त्यांनी पाहणी केली. फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषांवर सारखे प्रभुत्व असलेली मुले एकभाषी मुलांपेक्षा बुद्धिमापन चाचण्यांत सरस ठरली. पूर्वीच्या पाहण्यांतली खोट आता उघड झाली. त्यांतील अनेकींत गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुस्थितीतील एकभाषी मुलांशी केलेली होती. दारिद्र्याचा दोष भाषेच्या माथी मारला गेला होता.

पुढे १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहाने एक प्रयोग सुरू झाला. त्यांची मुले बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकू लागली. ती फ्रेंच उत्तम शिकली आणि त्यांची इंग्रजीही बिघडली नाही. आपल्याकडील इंग्रजी माध्यमाचे समर्थक याच प्रकारचा दाखला देतात. परक्या भाषेतून शिकून तिकडची मुले हुशार होतात, मग इकडची का होणार नाहीत, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर लँबर्ट यांनीच देऊन ठेवले आहे. द्विभाषिकतेचे त्यांनी दोन प्रकार केले. एकीत दुसरी भाषा पहिलीत भर घालते. दुसरीत ती पहिलीला हुसकून लावून तिची जागा घेते. सेंट लँबर्टच्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. तिला बाजारात, बँकेत, वर्तमानपत्रात, साऱ्या उत्तर अमेरिकेत मान होता. तिला हुसकावणे कुणालाच शक्य नव्हते. शिवाय ती शाळेत पुढे विषय म्हणून शिकवलीही जात होती. ज्या मुलाच्या भाषेला शाळेच्या फाटकातच 'गावंढळ' म्हणून थांबवले जाते, त्याला हा दाखला लागू पडत नाही. पद्धत सारखीच असली, तरी सामर्थ्यवानाच्या मुलाला ती समृद्ध करते आणि दुर्बलाच्या मुलाला मुके करते.

दुसरा महत्त्वाचा सिद्धान्त कॅनडातील जिम कमिन्स यांचा. १९७९ साली त्यांनी भाषेच्या दोन वापरांत भेद केला. खेळताना, दुकानात, रस्त्यावर वापरायची भाषा ही एक आणि पाठ्यपुस्तकातली, व्याख्या, कारणमीमांसा, तुलना करणारी अमूर्त विचाराची भाषा ही दुसरी. स्थलांतरितांच्या मुलांच्या पाहणीवरून त्यांना असे दिसले की, पहिली दोनेक वर्षांत येते, पण दुसरी वर्गबंधूंच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. त्यांचे दुसरे प्रतिपादन असे की, अमूर्त विचाराची ही शक्ती कोणत्याही एका भाषेची मालमत्ता नसते. मूल ती एका भाषेत कमावते आणि दुसऱ्या भाषेत घेऊन जाते. ज्याला मातृभाषेत वाचून अर्थ लावता येतो त्याला वाचन पुन्हा शिकावे लागत नाही, फक्त नवी भाषा शिकावी लागते. या मांडणीवर टीकाही झाली. शाळेच्या भाषेला वरचा दर्जा देऊन गरीब मुलांच्या बोलण्याला ती उणे लेखते, असा आक्षेप मार्टिन-जोन्स आणि रोमेन यांनी १९८६ साली घेतला आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. तरीही वर्गातल्या एका नित्याच्या अनुभवाचा उलगडा या सिद्धान्ताने होतो. आश्रमशाळेतले मूल दुसरीत मराठी बोलू लागते, शिक्षकांना वाटते भाषेचा प्रश्न सुटला. आणि तेच मूल चौथी-पाचवीत परिसर अभ्यास व गणित यांत कोसळते. मूल ढ असल्याचा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः त्याला मैदानातली मराठी आली होती, पुस्तकातली येण्याइतका अवधी मिळालेलाच नव्हता.

या सिद्धान्ताची कसोटी गरीब देशात लागली ती नायजेरियात. इफे येथील विद्यापीठाने बाब्स फफुन्वा यांच्या नेतृत्वाखाली १९७० साली सहा वर्षांचा प्राथमिक शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. एका गटाला सहाही वर्षे योरुबा भाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा विषय म्हणून चांगल्या शिक्षकांकरवी शिकवला. दुसऱ्या गटाला प्रचलित पद्धतीप्रमाणे तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यमात नेले. योरुबातून शिकलेली मुले इतर विषयांत तर पुढे राहिलीच, पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत. इंग्रजी शिकवणे आणि इंग्रजीतून शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रयोगाने दाखवले. आपल्याकडील बहुतेक वाद या दोहोंची गल्लत केल्यामुळे माजतात.

भारतात कायद्याच्या पातळीवर हे तत्त्व मान्य आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम, शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मातृभाषा असावे, असे म्हणते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा सांगते. 'शक्य तितके' या दोन शब्दांतून सारे तत्त्व गळून जाते, ही गोष्ट वेगळी. २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्याला करता येणार नाही. म्हणजे हुकमाची वाट बंद आहे. सोय निर्माण करण्याची वाट मात्र पूर्ण मोकळी आहे आणि तिच्यावर पाऊल टाकण्यात राज्यांना रस नाही.

हा रस का नाही, ते अजित मोहंती यांच्या विश्लेषणातून कळते. ओडिशातील कंध आदिवासींमध्ये त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा बोलणारी कंध मुले, कुई गमावून केवळ ओडिया बोलणाऱ्या कंध मुलांपेक्षा बौद्धिक चाचण्यांत सरस असल्याचे त्यांना आढळले. समाज तोच, दारिद्र्य तेच, फरक एका भाषेच्या असण्या-नसण्याचा. मोहंती यांनी भारतातील भाषाव्यवहाराला 'दुहेरी दरी' म्हटले आहे. पहिली दरी इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा यांच्यामधली. दुसरी, प्रादेशिक भाषा आणि आदिवासींच्या व अल्पसंख्याकांच्या भाषा यांच्यामधली. पहिल्या दरीच्या काठावर उभे राहून मराठी माणूस अन्यायाची तक्रार करतो. दुसऱ्या दरीच्या वरच्या काठावर तोच उभा असतो, आणि तिथून खाली पाहण्याची त्याला सवय नसते.

आकडे पाहिले तर ही दरी किती रुंद आहे ते कळते. २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा सांगणारे सुमारे २५ हजार होते, आणि संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे. भिली व भिलोडी सांगणारे १ कोटी ४ लाख होते, गोंडी सांगणारे सुमारे ३० लाख आणि कोरकू सांगणारे ७ लाखांवर. या तिन्ही भाषा अनुसूचीत नाहीत. भाषेला मान मिळतो तो बोलणाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर पुढे तिच्यावर अनधिकृत असल्याचा शिक्का बसला. मातृभाषेचा पुरस्कार करणाऱ्या धोरणाच्याच काळात हे घडले.

अशक्यतेची सबब मात्र टिकणारी नाही. आंध्र प्रदेशाने २००४ साली गोंडी, कोया, कोलामी, सवरा यांसह आठ भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले. ओडिशाने काही वर्षांतच दहा आदिवासी भाषांत आरंभ केला आणि पुढे ती संख्या एकवीसवर नेली. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवत आली आहे. एका शहराला जे जमले ते एका राज्याला जमू नये, याचे कारण शिक्षणशास्त्रात सापडणार नाही.

प्रत्यक्ष वर्गात याचा अर्थ काय होतो? कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. तिच्यात नामांचे लिंग मराठीसारखे तीन प्रकारचे नसते. सजीव आणि निर्जीव असा भेद असतो. 'शाळा' स्त्रीलिंगी का आणि 'वाडा' पुल्लिंगी का, हे त्या मुलाला कुणी सांगितलेले नसते. ते 'तो शाळा' म्हणाले की वर्ग हसतो. हसण्यासारखे काही घडलेले नसते. मुलाने आपल्या भाषेचे व्याकरण प्रामाणिकपणे वापरलेले असते. उलट, कोरकूत ऐकणाऱ्याला धरून असलेले 'आपण' आणि त्याला वगळून असलेले 'आम्ही' यांसाठी वेगळे शब्द आहेत. मराठीतही हा भेद आहे, इंग्रजीत नाही. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो 'आम्ही' आणि 'आपण' हा पाठ एका तासात पुरा करील, आणि त्या मुलाला पहिल्यांदाच कळेल की आपल्याजवळ असलेले काहीतरी शाळेत उपयोगी पडते. सिद्धान्तात ज्याला एका भाषेतून दुसरीत होणारे संक्रमण म्हणतात, ते वर्गात असे दिसते.

यावरून काही व्यवहार्य सूत्रे निघतात. पहिली दोन वर्षे वर्गातले बोलणे आणि पहिले वाचन मुलाच्या भाषेत व्हावे. देवनागरी लिपी दोन्हीकडे चालत असल्यामुळे तेच वाचन पुढे मराठीला उपयोगी पडते. मराठी पहिल्या दिवसापासून असावी, पण ऐकण्या-बोलण्यातून आणि दुसरी भाषा म्हणून शिकवली जावी. ती मुलाला येतेच, असे गृहीत धरू नये. तिसरीपासून मराठीचे वाचन वाढवत न्यावे आणि मुलाची भाषा पाचवीपर्यंत तरी सोडू नये. गणिताच्या पेपरात गणिताची चूक आणि भाषेची चूक वेगळी ओळखावी. शिक्षकाला मुलाची भाषा येत नसेल, तर ती येणारी गावातली शिकलेली मुलगी वर्गात मानधनावर असावी, आणि शिक्षकाने वर्षभरात ती भाषा कामापुरती शिकावी. खुद्द मराठीच्या आतही हेच लागू आहे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलाच्या वाक्यावर लाल शाईने 'अशुद्ध' लिहिण्याऐवजी 'घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' एवढे शिक्षक म्हणाला, तरी पुष्कळ काम होते.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की, एका वर्गात चार भाषा असतील तर काय करायचे? ऊसतोडणी, वीटभट्ट्या, शहरातल्या वस्त्या यांतली शाळा अशीच असते. येथे वेल्समधून आलेला विचार उपयोगी आहे. केन विल्यम्स यांनी १९९४ साली वेल्श शाळांसाठी अशी पद्धत वर्णिली की, एका भाषेत वाचावे आणि दुसरीत लिहावे किंवा बोलावे, म्हणजे अर्थ कळल्यावाचून सुटका नाही. पुढे ऑफेलिया गार्सिया यांनी या विचाराचा विस्तार केला. मुलांनी आपापल्या भाषेच्या गटात गणित सोडवावे आणि उत्तर मराठीत सांगावे, एवढ्याने सुरुवात होते. शिक्षकाला चारही भाषा यायला हव्यात असे नाही. चारही भाषांना वर्गात यायला त्याने बंदी घालू नये, एवढे पुरे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पुस्तके, शिक्षक, प्रशिक्षण यांना पैसा लागतो, हे खरे. २०१२ पासून फिलिपीन्सने मातृभाषेतून शिक्षणाचे धोरण देशभर राबवले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात कायदा करून त्याची सक्ती रद्द केली. पुस्तकांची आणि तयार शिक्षकांची वाण हे त्या माघारीमागचे एक मोठे कारण होते. अपुऱ्या तयारीने केलेले चांगले काम स्वतःचीच बदनामी करून घेते, हा धडा घेतला पाहिजे. परंतु खर्चाचा हिशेब एकाच बाजूने मांडू नये. जे मूल चार वर्षे वर्गात बसून काही न समजता बाहेर पडते, त्याच्यावर झालेला शिक्षकाचा पगार, इमारत, पोषण आहार हा सारा खर्च वाया जातो. त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाने, गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सुमारे ३७ टक्के विद्यार्थ्यांना न समजणाऱ्या भाषेतून शिकवले जाते, असा अंदाज दिला आहे. शेतकऱ्याच्या पैशातून गोळा झालेला महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. न कळणाऱ्या भाषेची शाळा हे त्याच उधळपट्टीचे दुसरे रूप आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो दलित-बहुजनांकडून येतो. ज्यांची मुले इंग्रजीतून शिकून साहेब झाली, ते आमच्या मुलांना बोलीत का अडकवतात? या प्रश्नामागे इतिहास आहे. सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजी शिकण्याचा पुरस्कार केला होता. आणि मातृभाषेचा वापर बेडीसारखाही होऊ शकतो, हे दक्षिण आफ्रिकेने दाखवले. १९५३ साली युनेस्कोने मातृभाषेतून शिक्षणाचा प्रसिद्ध अहवाल काढला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने बांटू शिक्षण कायदा केला आणि त्याखाली काळ्या मुलांना आठ वर्षे मातृभाषेत ठेवण्याची व्यवस्था आणली. हेतू हा की त्यांनी मजुरीपलीकडची स्वप्ने पाहू नयेत. पुढे अर्धे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याचे फर्मान निघाले आणि १६ जून १९७६ रोजी सोवेटोची मुले रस्त्यावर उतरली. मातृभाषा त्या मुलांना कोंडवाडा वाटली, कारण तिच्यापुढचे दार बंद होते. म्हणून मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्याने पुढचे दार उघडे असल्याची हमी दिलीच पाहिजे. इंग्रजी हा विषय वाड्यावस्तीवरच्या शाळेतही उत्तम शिकवला गेला, तरच मातृभाषेच्या माध्यमाला नैतिक अधिकार राहतो.

पालकांना दोष देऊन काही साधणार नाही. कुस्तीच्या फडात पुढचा प्रेक्षक उभा राहिला की मागच्याला उभे राहावेच लागते. शेवटी सगळे उभे असतात आणि कुणालाच आधीपेक्षा अधिक दिसत नाही. इंग्रजी माध्यमाचे असेच झाले आहे. एकेका पालकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो आणि सर्वांचा मिळून तोट्याचा ठरतो. अशा ठिकाणी उपदेश चालत नाही, सर्वांनी मिळून बसण्याची व्यवस्था करावी लागते. म्हणजे नोकऱ्यांत, न्यायालयांत, उच्च शिक्षणात मराठीला अर्थ यावा लागतो आणि जवळच्या सरकारी शाळेचा दर्जा वाढावा लागतो. कार्यकर्त्याचे मूल कोणत्या शाळेत जाते, हा प्रश्न सभेत टोमणा म्हणून विचारला जातो. तो टोमणा म्हणून टाळू नये. ती शाळा सुधारण्यासाठी त्याने काय केले, असा तो प्रश्न आहे.

कामाची सुरुवात लहान असू शकते. आदिवासी भागातील कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील शाळांत मुले घरी कोणती भाषा बोलतात आणि शिक्षकाला ती येते का, याची शाळावार नोंद करावी. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय मांडावा. ग्रामसभेने ठराव करून भाषा जाणणाऱ्या सहायिकेची मागणी करावी. म्हाताऱ्यांकडच्या गोष्टी आणि कोडी मुलांकडून लिहवून घ्याव्यात. पहिलीचे वाचनसाहित्य त्यातूनच तयार होते. शहरातील मराठीप्रेमी संस्थांनी आपल्या मागण्यांच्या यादीत कोरकू, गोंडी, भिली, कोलामी या भाषांची नावे घालावीत. हिंदीसक्तीविरुद्ध जमलेली गर्दी याही मागणीसाठी जमली, तर २०२५ चे ते आंदोलन मुलाच्या हिताचे होते हे सिद्ध होईल. जमली नाही, तर ते केवळ आपल्या भाषेच्या मानपानाचे होते, असे कुणी म्हटल्यास त्याला उत्तर देता येणार नाही.